कवंडळाचं फूल

पहाटे ५.४०

पाऊस रात्रीच कधीतरी थांबला असावा. पागोळ्या मात्र अजून गळताहेत. चहाचं आधण ठेवून मी टॉर्च घेते आणि खळ्यातून पाणंदीत उतरते. आज आषाढ अमावस्या, दिव्याची अवस. सासूबाईंनी काल रात्रीच समया आणि निरांजनं चिंचेनं घासून पाटावर पालथी घातली आहेत. माझं आजचं मुख्य काम घराबाहेर आहे, पाणंदीच्या वळणावर, शेजारच्या आबांच्या गडग्यापाशी.

गेले चार दिवस तिथे रोज सकाळी तीन-चार पांढरे बोळे पडलेले दिसतात. लांबून पाहिलं तर भिजलेला कापूस वाटावा. आजही आहेत. एक उचलून तळहातावर घेते. बोट लावलं की कळतं, हा कापूस नव्हे, धाग्यांचा गुंता आहे. धागे एकमेकांत वळून चिकटलेत आणि त्यांच्यामागे लांबट हिरवट नळी आहे. रात्री उमललेलं आणि उजाडण्याआधी मिटलेलं हे फूल आहे. वर पाहिलं तर किंजळीच्या फांद्यांवर चढलेली दाट वेल दिसते. तिच्यावर एकही उघडं फूल नाही.

मी सावंतवाडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समित्या आल्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. आमच्या गावच्या नोंदवहीतलं रानवेली आणि रानफुलांचं काम माझ्याकडे आहे. झालरीची पांढरी फुलं म्हणजे ही वेल पडवळाच्या गोतातली, हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. प्रश्न होता तो त्या गोतातली नेमकी कोण याचा. नोंदवहीत चार दिवस तिच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. आज ते काढायचं ठरवलं आहे, कारण काल संध्याकाळी आबांना मी गडग्याजवळ कोयतीला धार लावताना पाहिलं.

सकाळी ६.३०

उजाडलंय. मी आकडीनं वेलीचा एक शेंडा खाली ओढते, तोवर आबा इरलं घेऊन येतातच.

"बाई, काय शोधतास?"

"ह्या येलाचा फूल बघतंय, आबानू."

"तो येल उद्या काढून टाकतलंय. तीन वर्सा झाली, एक कवंडळ धरूक नाय. वांझ येल तो. गडग्याचे चिरे मात्र ढिले केल्यान."

कवंडळ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज आला. आमच्याकडे हे फळ लहान मुलालाही माहीत असतं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिच्यात नारळ, सुपारीचं शिपटं, शेरवडाची पांढरी पानं, कांगले यांच्या जोडीला लालभडक कवंडळं टांगतात. लिंबापेक्षा थोडं मोठं, गुळगुळीत, लाल सालीवर केशरी रेघांचं. गोव्याच्या माटोळीतही ते असतंच. खायला मात्र कोणी घेत नाही, इतकं ते कडू. पुस्तकांत ह्याचंच नाव कौंडळ असं लिहितात.

आबांच्या तक्रारीत मला हवी असलेली एक खूण होती. तीन वर्षं हीच वेल इथे आहे. रानातलं कडू पडवळ दरवर्षी बियांतून उगवतं आणि पावसाळ्यानंतर वाळून जातं. ही वेल वर्षानुवर्षं टिकणारी आहे. गडग्याच्या चिऱ्यांतून निघालेलं तिचं खोड माझ्या अंगठ्याहून जाड भरलं.

"आबानू, एक दिवस थांबा. आज तिन्हीसांजेक हय येवा. तुमका दाखयतंय."

आबांनी कोयती कमरेच्या आकडीला अडकवली. "बरा," म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. शेजाऱ्याच्या शब्दाला गावात अजून तेवढी किंमत आहे.

सकाळी ७.४५

डबे भरून झाले. बसला अजून वीस मिनिटं आहेत. परसात आमचा मांडव आहे, तिथे चक्कर टाकते, कारण आजच्या कामाचा धडा तिथेच लिहिलेला आहे.

वेलांच्या मांडवाखाली एक अख्खं घड्याळ चालतं. तांबड्या भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उघडतं आणि दुपार व्हायच्या आत कोमेजतं. काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळी फुलतात. दोडका मात्र घोसाळ्याचा सख्खा भाऊ असूनही दुपार कलल्यावर, संध्याकाळकडे फुलतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळचं आणि पडवळाचं तर पुरतं काळोख्या वेळेचं. सकाळच्या फुलांना मधमाश्या आहेत, रात्रीच्यांना पतंग आहेत. आमच्या सासूबाई दुधीवर हातानं परागण करतात. नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर फिरवतात, तेही दिवा लावायच्या सुमारास. पुस्तक न वाचता त्यांना वेळ माहीत आहे.

परसातल्या पडवळाच्या वेलीवर काल रात्रीचं फूल मिटून लटकलंय. पाणंदीतल्या बोळ्यासारखंच, फक्त लहान. मी ते तुऱ्यासकट कागदात गुंडाळून घेते.

सकाळी १०.००

दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक. आज ठरलेला विषय बाजूला ठेवून मी टेबलावर पाणंदीतली वेल पसरते आणि मुलांना सांगते, नाव विचारायचं नाही, जे दिसतं ते बोलायचं.

एक मुलगी पानाला हात लावते. तळहातासारखं पान, पाच खंड, वरून खरखरीत. मी पान पालथं करायला सांगते. भिंगातून खालच्या बाजूला शिरांच्या मध्ये तीन-चार गोल काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथी आहेत. मुलांनी आधी त्यांना कीड समजून पुसायचा प्रयत्न केला, ठिपके गेले नाहीत. मग तणाव पाहिले. प्रत्येक तणाव टोकाकडे तिघांत फुटलेला.

सगळ्यात महत्त्वाची खूण कळ्यांच्या तुऱ्यावर होती. लांब दांड्यावर आठ-नऊ कळ्या आणि प्रत्येक कळीच्या बुडाशी एक रुंद पानासारखं छद. त्याची कड करवतीच्या दातांसारखी कातरलेली आणि अंगावर पुन्हा तेच काळपट ठिपके. परसातल्या पडवळाचा तुरा मी शेजारी ठेवला. त्याच्या कळ्यांखाली छद असं काही दिसतच नाही, भिंग लावून शोधलं तरी. दोन तुरे शेजारी ठेवल्यावर बाकीचं मुलांनी स्वतःच सांगितलं. ही पडवळाच्या गोतातली आहे, पण पडवळ नव्हे, आणि रानातलं कडू पडवळही नव्हे.

मग मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, फूल उघडं असतं तर?"

हाच प्रश्न मला आज कोणीतरी विचारायला हवा होता. आम्ही एक मोठी कळी डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली उभी चिरली. आत पाकळ्या घडी घालून ठेवलेल्या आणि प्रत्येक पाकळीच्या काठाचे धागे आतल्या बाजूला वळवून गच्च बसवलेले. पातळाच्या घडीत पदराची झालर दुमडून ठेवावी तसे. मध्ये परागकोश एकमेकांना चिकटून एक गाठोडं झालेलं. बुडाशी बीजकोश कुठेच नाही. म्हणजे हा नराचा तुरा. पण ह्याच वेलीवर वर कुठे मादीची फुलं आहेत की नाहीत, हे टेबलावरच्या हातभर तुकड्यावरून कळणार नव्हतं. मुलांना ते तसंच सांगितलं. तुकड्यावरून जेवढं सांगता येतं तेवढंच सांगायचं, उरलेलं वेलीपाशी जाऊन पाहायचं.

दुपारी १२.३०

ग्रंथालयात पंख्याखाली बसून डबा खाते आणि थिओडोर कुकचा पहिला खंड उघडते. कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी छापून झाला आणि आजही सह्याद्रीत काम करणारा प्रत्येक जण आधी तोच उघडतो. त्याच्या जोडीला बी. जी. कुळकर्णींचा सिंधुदुर्गाच्या वनस्पतींवरचा १९८८ चा ग्रंथ आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की जुनी नावं नव्या नावांशी जुळवता येतात.

जुन्या पुस्तकांत ही वेल 'ट्रायकोसॅन्थिस पाल्माटा' आहे, तळहातासारख्या पानांवरून. पुढे 'ब्रॅक्टिएटा' आलं, ते सकाळी मुलांनी पाहिलेल्या त्या छदांवरून. काही याद्यांत ती 'ट्रायकस्पिडाटा' म्हणून भेटते. वंशाचं नाव लिनियसनं १७५३ मध्ये दिलं. ट्रायकोसॅन्थिस म्हणजे केसांचं फूल. त्याच लिनियसनं दोन वर्षं आधी, १७५१ मध्ये, कोणतं फूल किती वाजता उघडतं नि मिटतं याची यादी करून फुलांचं घड्याळ मांडलं होतं.

आमच्या विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट नेहमी सांगते. केरळात व्हॅन ऱ्हीडनं करून घेतलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि पहिल्या खंडात त्यांचं कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी हे काम केलं होतं, म्हणून आज नोंदवही लिहिताना मी गावातलं नाव नेहमी पहिल्या रकान्यात लिहिते.

पुस्तकं मिटताना मनात वेगळंच चाललेलं असतं. संध्याकाळची फुलं म्हटली की आपल्याला आठवतात गुलबक्षी, रातराणी, निशिगंध. रात्री जागून ज्याचे फोटो काढतात ते ब्रह्मकमळही त्यातच. ही चारही मूळची अमेरिका खंडाकडची. आपण त्यांना घर दिलं, गाण्यांत नेलं, आणि त्यात वावगं काही नाही. प्राजक्त आपला आहे, तोही आपण जपला. पण गडग्यावरची ही वेल इथलीच आहे, दर चतुर्थीला तिचं फळ देवापुढे टांगलं जातं, आणि तिचं फूल पाहिलेला माणूस मला अख्ख्या गावात अजून भेटलेला नाही. त्याचं कारण साधं आहे. ज्या वेळी ते उमलतं त्या वेळी माणसं घरात दिवा लावत असतात.

दुपारी ३.४५

एसटीतून उतरले तेव्हा आभाळ गच्च भरलेलं. घरी छत्री टाकून इरलंच घेते, दोन्ही हात मोकळे लागणार आहेत.

पुस्तकातला पुढचा प्रश्न असा: नर आणि मादी फुलं एकाच वेलीवर आहेत की वेगवेगळ्या? पडवळावर दोन्ही एकत्र असतात. कौंडळाच्या वेली वेगवेगळ्या असतात. एक वेल सगळी नराची, दुसरी सगळी मादीची. हे एका तुऱ्यावरून ठरत नाही, अख्खी वेल फिरून पाहावी लागते.

तासभर मी तेच केलं. गडग्याच्या अल्याडून, मग कुणग्याच्या बांधावर उभं राहून पल्याडून. दुर्बिणीनं किंजळीच्या शेंड्यापर्यंत प्रत्येक फांदी. तुरे मोजले, एकतीस भरले. मादीचं फूल तुऱ्यात येत नाही, एकटं येतं आणि त्याच्या नळीखाली बोंडासारखा लहानसा बीजकोश कळी असतानाच फुगलेला दिसतो. तसं एकही फूल सापडलं नाही. कच्चं फळ नाही, जुन्या फळाचा वाळका देठही नाही. चिखलात पाय रुतले आणि गुडघ्यापर्यंत जळवा लागल्या, पण उत्तर मिळालं. आबांची वेल नर आहे. तिला फळ धरणार नाही, पुढच्या तीस वर्षांतही नाही.

मग तिच्यावाचून कोणाचं तरी फळ अडणार. ती कोण, हे शोधायला निघाले.

संध्याकाळी ५.३०

पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला, साधारण दीडशे पावलांवर, काकूंचं परसू आहे. त्यांच्या माटवीला कवंडळं घरचीच असतात हे मला ठाऊक होतं. काकू दिवे पुसत पडवीत बसल्या होत्या. विचारल्यावर हातातलं निरांजन खाली ठेवून मला मागे घेऊन गेल्या.

रातांबीच्या झाडावर चढलेली वेल. पान तेच, पालथ्या बाजूचे ठिपके तेच, तीन फाट्यांचे तणाव तेच. तुरा मात्र एकही नाही. पानांच्या बेचक्यात एकेकटी कळी आणि तिच्या बुडाशी हिरवं बोंड. खालच्या फांदीला सुपारीएवढी हिरवी फळं धरलेली, अंगावर पांढुरक्या रेघा.

"ह्या बघ, पाच धरलीत. वरती आणखी आसतीत. चतुर्थीपातूर लाल होतली," काकू म्हणाल्या.

"काकी, ह्याचा फूल कधी बघितलास?"

काकू थांबल्या. "फूल? माजा लगीन होवन पन्नास वर्सा झाली. कवंडळ दर वर्साक काढतंय. फूल नाय बघूक गो कधी."

चतुर्थीला आजपासून अजून महिन्यावर चार दिवस आहेत. ही पाच फळं धरली ती गेल्या पंधरवड्यातल्या कुठल्यातरी रात्री, कोणीतरी नराच्या वेलीवरचा पराग इथवर आणला म्हणून. वाटेत दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर मी पाहत आले होते. दुसरी नराची वेल मला कुठे दिसली नाही. दिसली नाही म्हणजे नाहीच असं मी नोंदवहीत लिहिणार नाही. पण आबांच्या गडग्यावरची वेल काकूंच्या वेलीपासून दीडशे पावलांवर आहे, एवढं मोजून सांगता येतं.

संध्याकाळी ६.३०

गडग्याजवळ चिऱ्यावर गोणपाट टाकून बसले. सोबत वही, घड्याळ, फूटपट्टी आणि टॉर्चच्या काचेवर बांधलेला लाल जिलेटीनचा कागद. लाल उजेड पतंगांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे फुलाजवळ थांबता येतं. खालच्या फांदीवरचा एक तुरा निवडला. त्याच्या नऊ कळ्यांपैकी दोन आज फुलणार हे फुगीरपणावरून दिसत होतं. त्यांच्या दांड्यांना रंगीत दोरा बांधला.

वाट पाहणं हे या कामातलं खरं काम आहे. पान सकाळी पाहता येतं, छद दुपारी पाहता येतं, फळ महिनाभर टांगून ठेवता येतं. उमलणं मात्र एका तासातच असतं आणि त्या तासाला आपण तिथे असावं लागतं. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवर गाव, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव सगळं असतं. फूल किती वाजता उघडलं हे क्वचितच कोणी लिहितं. आणि वेळ ही ओळखीची खूण आहे. पावसाळ्यात आपण जी करटोली खातो, आमच्याकडे ज्याला फागलां म्हणतात, त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उघडतात. त्याचीच दक्षिण सह्याद्रीतली एक बहीण २००७ मध्ये 'मोमॉर्डिका सह्याद्रिका' या नावानं वेगळी जात म्हणून नोंदली गेली. तिची फुलं मोठी आणि ती उमलतात सकाळी. वाळवलेल्या नमुन्यात सकाळ कुठे आणि संध्याकाळ कुठे? ती वेलीपाशी बसणाऱ्यालाच कळते.

६.५० ला सरीवर सर आली. मी इरल्यात शिरून वही पोटाशी धरली. पाच मिनिटांत थांबली.

संध्याकाळी ७.०८

सूर्य मावळण्याची वेळ. ढगांत सूर्य दिसत नाही, पण पाणंदीतला हिरवा रंग आता करडा होतोय. घराघरांतून समया लागल्या. आमच्या पडवीत सासूबाईंनी पाटावर मांडलेल्या दिव्यांची ओळ इथून दिसते.

७.१४ ला पहिल्या कळीचं टोक सैल झालं. त्याआधी मी दोनदा पाहिलं तेव्हा ते पिळलेल्या वातीसारखं घट्ट होतं. आता पाच पाकळ्यांच्या कडा एकमेकींपासून सुटल्या आणि आतला पांढरा रंग दिसला. ७.२१ ला पाकळ्या मागे झुकू लागल्या. ही हालचाल डोळ्यांना दिसते, घड्याळाच्या मिनिटकाट्याहून वेगानं. पाकळी मागे जाते तसा तिच्या काठाचा गुंडाळलेला धागा मोकळा होतो. आधी एक, मग चार, मग एकदम सगळे. सकाळी भिंगाखाली दुमडून बसलेले तेच धागे आता एकेक करून सरळ होत होते आणि त्यांची टोकं हलकेच थरथरत होती. ७.३८ ला फूल पूर्ण उघडलं. धाग्यांसकट आडवं मोजलं तर साडेसात सेंटीमीटर, मागची नळी पावणेपाच. वारा पडला तेव्हा गोडसर, मंद वास आला. सकाळी कळी चिरली तेव्हा तो नव्हता.

दुसऱ्या कळीनं सहा मिनिटं उशीर केला.

काळोखात तो पांढरा रंग का, हे इथे बसलं की समजतं. पाणंदीतलं बाकी सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. तेरडा दिसत नाही, पानं दिसत नाहीत, गडगाही नुसता काळा पट्टा झालाय. आणि त्यावर तळहाताएवढे दोन पांढरे ठिपके, कडा विस्कटलेल्या. इतका उजेड त्यांना पुरतो.

संध्याकाळी ७.५०

आबा आले. बॅटरी विझवून आले, मी सांगितलं होतं म्हणून. माझा लाल उजेड मी फुलाखाली धरला.

आबा काही वेळ नुसते पाहत राहिले. मग वाकून अगदी जवळ गेले.

"ह्या फूल? माज्या गडग्यार?"

"कवंडळाचा फूल, आबानू."

ते पुढे काही बोलणार, तोच गडग्यावरून एक पतंग आला. हॉक मॉथ कुळातला, बोटभर लांब, करडा. ते फुलावर बसत नाहीत, पंख फिरवत हवेतच थांबतात. त्याच्या पंखांची घरघर आम्हा दोघांनाही ऐकू आली. त्यानं आपली लांब सोंड नळीत घातली, दोन-तीन सेकंद थांबला, दुसऱ्या फुलाकडे वळला आणि पाणंदीच्या अंधारात गेला. नळीच्या तळाशी मध असतो. तिथवर पोचेल एवढी सोंड असलेलाच इथे येतो, आणि सोंड घालताना तोंडाला पराग लागतो.

"आता ह्यो काकूच्या परसात गेलो तर तिची कवंडळा धरतली," मी म्हटलं. "तुमचो येल वांझ नाय. ह्याच्यावर सगळी नराची फुलां. त्येचो पराग नाय तर तिका फळ नाय."

आबांनी क्षणभर विचार केला. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे फागलाच्या येलासारख्या. ह्यो दादलो, आणि ती काकूची बायल."

मला दिवसभर जे समजावून सांगायचे शब्द सापडत नव्हते ते आबांनी एका वाक्यात सांगितले. करटोलीच्या वेलीतला नर कोणता हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जायफळाची रोपं लावतानाही नर-मादीचा हिशेब इथे सगळे करतात. कवंडळाचा हिशेब कोणी केला नव्हता, कारण फूलच कोणी पाहिलं नव्हतं. फळ न देणारी वेल वांझ ठरते आणि साफसफाईत आधी तिलाच कोयती लागते. दर पावसाळ्यात किती गडग्यांवरून अशा नराच्या वेली गेल्या असतील, आणि मग शेजारच्या परसातली फळं का कमी झाली याचं कारण कोणालाच कळलं नसेल.

"चिरे ढिले झाले त्येचा काय?" मी विचारलं, कारण त्यांची अडचण खरी होती.

"त्येका बांबू लावून किंजळीवर चढवतंय. बूड गडग्यापासून वायच लांब घेतलंय की झाला." मग जरा थांबून म्हणाले, "घरातल्यांका बोलवून हाडूं?"

दहा मिनिटांत पाणंदीत सहा माणसं जमली. काकूही आल्या. त्यांच्या हातात दिव्याच्या अवसेचा पुरणाचा दिवा होता, नातवासाठी आणलेला, तो तसाच राहिला. पन्नास वर्षं ज्याचं फळ काढलं त्याचं फूल पाहून त्यांनी दोन बोटांनी एक धागा अलगद उचलला आणि म्हणाल्या, "इतक्या बारीक काम." मग घरच्या वेलीवरही आज फुललं असेल म्हणून लगबगीनं परत गेल्या. मागोमाग आम्हीही गेलो. फुललं होतं. वरच्या फांदीवर एकटंच, आबांच्या फुलासारखंच, आणि मध्ये परागकोशांच्या गाठोड्याऐवजी तीन फाट्यांची कुक्षी.

रात्री ९.३०

जेवण झालं. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून नमुना दाबते आहे. एक पान सुलटं, एक उलटं, म्हणजे ठिपके दिसतील. तुरा छदांसकट. उमललेलं फूल सगळ्यात शेवटी, कारण ते क्षणात लवतं. धागे एकमेकांवर पडू नयेत म्हणून सुईच्या टोकानं एकेक पसरवते. प्रेसचे पट्टे आवळते. उद्यापासून रोज कागद बदलावे लागतील, पावसाळ्यात बुरशी लगेच धरते. काकूंच्या वेलीवरून फक्त एक पान आणि एक कळी घेतली आहे. फळांना हात लावला नाही, ती माटवीची आहेत.

मग नोंदवही उघडते आणि प्रश्नचिन्ह खोडते.

गावातलं नाव: कवंडळ. पुस्तकातलं मराठी नाव: कौंडळ. कूळ: काकडीचं. कुठे: पाणंदीच्या वळणावरचा गडगा, किंजळीवर, नर वेल, आणि पूर्वेला दीडशे पावलांवर परसात, रातांबीवर, मादी वेल. उपयोग: चतुर्थीच्या माटवीत फळ. छापील नोंदवहीत पुढचा रकाना 'फुलण्याचा हंगाम' असा आहे. त्यात 'आषाढापासून' एवढं लिहून भागत नाही. मी पट्टी घेऊन शेजारी आणखी एक रकाना आखते आणि त्याला नाव देते 'फुलण्याची वेळ'. मागच्या सत्तेचाळीस नोंदींपुढे तो रिकामाच राहणार आहे. त्यांतल्या किती वेली-झुडपांची फुलं मी फक्त माझ्या सोयीच्या वेळी पाहिली आहेत, हे आता उघड्या डोळ्यांनी पानावर दिसेल. ते भरायला पुढचे दोन पावसाळे लागतील.

अठ्ठेचाळिसाव्या नोंदीपुढे लिहिते: सायंकाळी ७.१४ ते ७.३८.

त्याखाली एक ओळ आणखी: पाहणारे सात. सहा जणांची नावं लिहिते, पहिलं आबांचं.

बाहेर पुन्हा पाऊस सुरू झालाय. पडवीतल्या दिव्यांपैकी दोन अजून तेवताहेत. उद्या सकाळी गडग्याखाली पांढरे बोळे पडलेले असतील, आणि वाटेनं जाणाऱ्या निदान सहा जणांना ते काय आहेत हे माहीत असेल.